अवकाळीची रात्र, भिजलेली मेंढरं अन् बिऱ्हाड वाहणारी घोडी : हिवाळी वादळात जीव कसा वाचवायचा?

हिंगोली : दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, की आपल्याकडं रानं मोकळी होतात आणि रस्त्यानं मेंढरांचे कळप दिसू लागतात. मागं घोडी, घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर एखादी कोंबडी नाहीतर दोन दिवसांचं कोकरू. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या माळांवर हे दृश्य नवं नाही. आपल्याच गावातली धनगर, हटकर मंडळीही याच दिवसांत मेंढरं घेऊन रानोरानी असतात. नेमक्या याच दिवसांत, नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, कधीतरी आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि अवकाळी कोसळतो.

गारपीट झाली की पिकांचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. मेंढरांचे फिरत नाहीत. म्हणून हा लेख मेंढपाळांसाठी आहेच, पण ज्यांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसलेली असतात त्या शेतकऱ्यांसाठीही आहे.

2021 मध्ये काय झालं होतं

1 आणि 2 डिसेंबर 2021 ची गोष्ट. पुणे, नगर, नाशिक या भागांत भर डिसेंबरात रात्रभर पाऊस लागून राहिला, सोबत गार वारं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर या तालुक्यांत उघड्या रानात बसलेल्या मेंढ्या सकाळपर्यंत शेकड्यांनी मरून पडल्या. एकेका मेंढपाळाचा निम्मा कळप गेला. ना रोगाची साथ होती, ना कोणी विष घातलं होतं. मेंढरं गारठून मेली.

हे लक्षात ठेवायचं कारण असं, की आपल्याला वाटतं मेंढीच्या अंगावर लोकर आहे, तिला थंडी काय करणार? कोरड्या थंडीत हे खरंही आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा काही वर्षी 5 अंशांच्या खाली जातो, तेव्हा माणसं शेकोटीला बसतात आणि मेंढरं निवांत रवंथ करत असतात. लोकरीच्या केसांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. पण लोकर आतपर्यंत भिजली की ती हवा निघून जाते आणि ओलं घोंगडं अंगाला चिकटून राहावं तशी गत होते. त्यावर वारं लागलं की अंगातली ऊब भराभर निघून जाते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तर मुळातच जाडीभरडी आणि विरळ, घोंगडीला चांगली पण पाणी अडवायला कमी. म्हणजे 15 अंशांचा पाऊस-वारा हा 6 अंशांच्या कोरड्या थंडीपेक्षा मेंढीला जास्त वाईट.

आणि नुकतीच कातरणी झालेली असेल तर विचारूच नका. आठ-दहा दिवसांत पावसाचा अंदाज असेल तर कातरणी पुढं ढकला. कातरणारा माणूस ठरलेला असतो, तो परत येईल की नाही याची धास्ती असते, हे कबूल. पण उघडी मेंढी पावसात सापडली तर लोकर आणि मेंढी दोन्ही जातात.

पाऊस यायच्या आधी, दुपारी

खरं काम पाऊस सुरू व्हायच्या आधीचं असतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो, त्यात हिंगोली जिल्ह्याचा अंदाज असतो. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा. मेंढपाळानं माझ्या मते पिवळ्यालाच नारंगी समजावं. शेतकऱ्याला पीक उचलता येत नाही, मेंढपाळाला कळप हलवता येतो, हा एकच त्याचा फायदा आहे.

जागा बदलायची असेल तर उजेड असताना बदला. कयाधूच्या किंवा कुठल्याही नाल्याच्या काठाला वाडा ठेवू नका. काळ्या रानात तासाभराच्या पावसानं असा चिखल होतो, की मेंढरू बसलं की पोटापर्यंत ओलं होतं आणि उठताना पाय रुतून बसतो. मुरमाड, थोडी उंच, पाणी निथळणारी जागा धरा. बांधाची किंवा दाट कुंपणाची आड मिळाली तर उत्तम. एकट्या उभ्या झाडाची आड मात्र नको. त्याचं कारण पुढं येईलच.

मग वाघूर. वाघुरीच्या जाळीनं लांडगा अडतो, वारं अडत नाही. ज्या बाजूनं वारं येतंय त्या बाजूला जाळीवर ताडपत्री, खताच्या रिकाम्या गोण्या, जुनी पोती, काय मिळेल ते तीन-चार फूट उंचीपर्यंत बांधा. वरून छप्पर नाही मिळालं तरी चालेल, पण वारं अडलंच पाहिजे. भिजलेली मेंढी वाऱ्याच्या आड रात्र काढू शकते. भिजलेली आणि वाऱ्यात उभी असलेली मेंढी पहाट बघेलच याची खात्री नाही. वसमत भागात हळद शिजवून वाळत घातली की प्रत्येकाकडं ताडपत्र्या तयार असतात, ढग आले की दहा मिनिटांत हळद झाकली जाते. त्यातली एखादी फाटकी ताडपत्री त्या रात्री मेंढरांच्या वाट्याला आली तरी पुष्कळ झालं.

खाली अंथरायला तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या टाकून वर सोयाबीनचं भुसकट पसरलं तर मेंढरं चिखलापासून वर राहतात. पोटाखालची जमीन ओली असेल तर वरच्या पावसापेक्षा ती जास्त ऊब खेचते.

संध्याकाळी पोट भरलेलं असू द्या, आणि कोरड्या चाऱ्यानं. कडब्याची कुट्टी, हरभऱ्याचं नाहीतर तुरीचं भुसकट असा काडीचा चारा पोटात गेला की रवंथ होताना तो आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते. पोटातला कोरडा चारा ही मेंढीची आतली शेकोटीच. पण अंगात ताकद यावी म्हणून एकदम पायलीभर ज्वारी किंवा मका घालू नका. सवय नसलेल्या मेंढीला जास्त धान्य पडलं की पोटात आम्ल वाढतं आणि ती थंडीऐवजी त्यानं जाते. सवय असेल तर मूठ-दोन मुठी पुरे.

गाभण मेंढ्या, खास करून शेवटच्या महिन्यातल्या आणि पोटात जुळं असलेल्या, वेगळ्या काढा. वादळामुळं त्या एक दिवस उपाशी राहिल्या तरी रक्तातली साखर कमी पडून सुस्त होतात, डोळ्यांनी दिसत नसल्यासारख्या उभ्या राहतात, मग बसतात त्या उठत नाहीत. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी मेलेल्या गाभण मेंढीचा दोष लोक थंडीला देतात. बऱ्याचदा तो उपासाचा असतो.

रात्री

मेंढरं घाबरली, गारठली की एकमेकांत घुसतात, एकमेकांवर चढतात. कोपऱ्यात ढीग होतो आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून वाघुरीचे कोपरे शक्यतो गोल ठेवा आणि दर तासाला बॅटरी घेऊन फिरून मेंढरं हलवा, उठवा. ज्या घरात दोनच माणसं आहेत त्यांनी पाळी लावून झोपावं. आडवी पडलेली मेंढी ओढत नेऊ नका. तिला छातीवर बसती करा, दोन्ही बाजूंनी पोत्याचा आधार द्या, पोत्यानं पाठ आणि पोट खसखसून पुसा. एका कुशीवर पडून राहिली तर पोट फुगतं.

गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जागा मिळाली तर दार-खिडक्या गच्च बंद करू नका. शे-दीडशे मेंढरांच्या लघवीचा उग्र वास कोंडला की दोन दिवसांत फुफ्फुसाचे आजार सुरू होतात. खालून वारं अडवा, वरून हवा खेळू द्या. बंद जागेत कोळशाची शेगडी तर अजिबात नको. धुरानं माणसंही जातात.

कोकरांचं वेगळं सांगायला पाहिजे. नुकतं जन्मलेलं कोकरू ओलंच असतं, त्याच्या अंगात चरबी जवळजवळ नसते. पावसात व्यायलेल्या मेंढीचं कोकरू तासा-दोन तासांत गार पडतं. मेडिकलमध्ये माणसांचा ताप बघायचं डिजिटल थर्मामीटर मिळतं, ते एक जवळ ठेवाच. शेपटीखाली गुदद्वारात लावून बघा. 102 ते 103 फॅरनहाइट म्हणजे ठीक. 100 च्या खाली गेलं की पुसून कोरडं करून उबेला घ्या. 99 च्या खाली म्हणजे जीव धोक्यात.

आधी कोरडं करायचं, मग ऊब द्यायची. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा, नाहीतर सरळ स्वेटरच्या आत छातीशी धरा. मेंढपाळांच्या बाया पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या आहेत आणि ते बरोबर आहे. कोकरू मान उचलत असेल, तोंडात बोट घातल्यावर चोखत असेल, तर आईचा चीक काढून पाजा. अडीच किलोच्या कोकराला एका वेळी साधारण सव्वाशे मिली, आणि तो जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत पोटात गेला तर सगळ्यात चांगलं. मान टाकलेल्या कोकराच्या तोंडात मात्र दूध ओतू नका. ते गिळत नाही, दूध फुफ्फुसात जातं आणि वाचणारं कोकरूही मरतं. असं कोकरू पाच-सहा तासांपेक्षा मोठं असेल तर त्याच्या अंगातली साखर संपलेली असते, नुसती ऊब दिली तर झटके येतात. त्याला आधी ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे, तो मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा. रात्री रेंज नसलेल्या माळावर तो लागेलच असं नाही, म्हणून जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचाही ठेवा.

घोडीचं काय?

मेंढराकडं सगळ्यांचं लक्ष असतं, घोडी खुंट्याला उभी असते. बिऱ्हाड हलायचं ते तिच्या पाठीवर. घोडी गेली तर अख्खं कुटुंब जागच्या जागी अडकतं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि आपल्याकडची बरीच घोडी-तट्टं तिथूनच येतात. नवं जनावर घरी आलं आणि लगेच अवकाळी आला, असं नेमकं याच महिन्यात होऊ शकतं. प्रवासानं थकलेल्या जनावराला थोडी विश्रांती आणि जास्तीचा कोरडा चारा द्या. मेंढपाळांबरोबर फिरणारी पश्चिम महाराष्ट्रातली भीमथडी घोडी काटक म्हणून नावाजलेली आहे, अलीकडं तिची देशातली स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. पण काटक म्हणजे लोखंडाची नव्हे.

घोडं कोरड्या थंडीत मेंढरासारखंच चांगलं तग धरतं. पावसात त्याची केसं अंगाला चिकटली की ते कुडकुडतं. मोकळं असेल तर ते आपोआप वाऱ्याकडं पाठ करून, मान खाली घालून उभं राहतं. आखूड दाव्यानं बांधलेलं किंवा पुढचे पाय बांधलेलं घोडं वळू शकत नाही, आणि गारा तोंडावर पडू लागल्या की बिथरून स्वतःला जखमी करून घेतं. म्हणून वादळात दावं लांब ठेवा, पाय मोकळे ठेवा. तारेच्या कुंपणाजवळ बांधू नका.

पाठीवर खोगीर, गोण्या ठेवून रात्रभर उभं करू नका. ओल्या खोगिराखाली पाठ सोलते आणि ती जखम महिनाभर बरी होत नाही. भिजलेली घोंगडी पाठीवर टाकणं न टाकण्यापेक्षा वाईट. आधी गवताच्या चुंबळीनं किंवा पोत्यानं अंग घासून कोरडं करा, मग कोरडी घोंगडी टाका. भिजली की काढा.

थंडीत घोडी पाणी कमी पितात आणि कोरडा चारा खातात. मग चारा आतड्यात अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोडं सारखं पोटाकडं मान वळवून बघतं, पुढच्या पायानं जमीन उकरतं, लोळतं, लीद करत नाही, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळं पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. सकाळ-संध्याकाळ बादलीभर कोमट पाणी आणि चिमूटभर नव्हे तर चांगलं चमचा-दोन चमचे मीठ दाण्यात दिलं तर पाणी पिणं वाढतं.

चाऱ्याबद्दल एक. भिजून बुरशी आलेलं सोयाबीनचं भुसकट किंवा काळा पडलेला कडबा बैल एखाद वेळी पचवेल, घोडं नाही. बुरशीचा चारा घोड्याला घालूच नका, थोडा चांगला मिसळूनही नको.

आणि गारांनी, खिळ्यानं, पत्र्यानं घोड्याला छोटी जखम झाली तरी धनुर्वाताची लस द्यायला सांगा. पाळीव जनावरांत धनुर्वात सगळ्यात जास्त कोणाला होत असेल तर घोड्याला. खुराजवळची बारीक जखम, पंधरा दिवसांनी जबडा आखडतो, मग हातात काही राहत नाही. चिखलात दिवस गेले असतील तर खूर उचलून तळवा साफ करा. घाण वास आणि काळा चिकट स्राव दिसला तर खूर सडायला लागलाय.

वीज

हिवाळी अवकाळीत गडगडाट असतोच. एकट्या झाडाखाली गोळा झालेला कळप एका विजेत जातो, कारण वीज झाडातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून चार पायांच्या जनावरात शिरते. पुढच्या आणि मागच्या पायांतलं अंतर जास्त, म्हणून माणसापेक्षा जनावराला तिचा झटका जास्त बसतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीस मोजायच्या आत आवाज आला तर ती जवळ आहे. उंच टेकाडावर, तारेच्या कुंपणाला, विजेच्या खांबाला लागून थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं मोफत ॲप आहे, ते जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. हातातली लोखंडी कुऱ्हाड, छत्री बाजूला ठेवा आणि उघड्या रानात सापडलात तर दोन्ही पाय जोडून उकिडवे बसा. आडवे झोपू नका.

पाऊस गेल्यावर

गारपिटीनं झोपलेला हरभरा, गहू, ज्वारी बघून शेतकरी म्हणतो, “आता काय राहिलं, घाला मेंढरं.” मन मोठं असतं, पण घाई नको. रिकाम्या पोटी ओल्या हरभऱ्यात सोडलेली मेंढरं फुगतात. आधी काडीचा चारा पोटात जाऊ द्या, ऊन पडून पाला सुकू द्या, मग थोडा वेळ सोडा. ज्वारी मोडून पुन्हा कोवळे फुटवे आले असतील तर त्यात सोडूच नका. त्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, यालाच किरळ लागणं म्हणतात, आणि मेंढरू शेताबाहेर यायच्या आत पडतं.

पुढचे आठ-दहा दिवस खोकला, नाकातून घट्ट शेंबूड, धाप, चारा सोडणं यावर नजर ठेवा. भिजलेल्या कळपात फुफ्फुसदाह लगेच नाही, तीन-चार दिवसांनी दिसतो. असं मेंढरू वेगळं काढा, डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधून अंदाजानं इंजेक्शन आणून टोचू नका. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी वेळेवर झालेल्या कळपात ही पडझड कमी असते. शास्त्रीय सल्ला हवा असेल तर कळमनुरी तालुक्यातलं तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

मेलं तर पुरायची घाई करू नका

इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि तेही कागदावर. अवेळी पाऊस आणि वीज या दोन्ही राज्य सरकारच्या आपत्तीच्या यादीत आहेत, गारपीट आणि थंडीची लाट केंद्राच्या यादीत. केंद्राच्या 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत मेंढी-शेळीला 4 हजार रुपये, घोड्याला 32 हजार आणि तट्टू, गाढव, खेचर यांना 20 हजार रुपये आहेत. मेंढीची बाजारातली किंमत याच्या कितीतरी पुढं आहे, त्यामुळं 4 हजारांत मेंढी परत येत नाही, हे उघड आहे. तरी तीस मेंढ्या गेल्या तर ती रक्कम सोडून देण्यासारखी नाही. दर आणि जनावरांच्या संख्येची मर्यादा अधूनमधून बदलते, म्हणून चालू आदेश तहसीलमध्ये विचारून घ्या.

मेलेलं जनावर आहे तिथंच ठेवून आधी फोटो काढा, मोबाईलमध्ये जागा आणि वेळ दिसेल असा. जनावर ज्या गावात मेलं तिथल्या तलाठ्याला म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन झालं की मग खोल खड्डा, वर चुना. पंचनाम्यात मेंढ्यांची संख्या, कोकरं किती, घोडं लिहिलंय की तट्टू, हे सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या.

आणि कानातला बिल्ला. राज्य सरकारनं 2024 मध्ये आदेश काढून सांगितलंय, की बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाई मिळणार नाही. बारा अंकी नंबराचा हा बिल्ला सरकारी दवाखान्यात मारून मिळतो. फिरत्या कळपातली बरीच मेंढरं अजून बिल्ल्याविना आहेत, कारण ज्या दिवशी गावात शिबिर असतं त्या दिवशी कळप चार गावं पुढं गेलेला असतो. ज्यांच्या शेतात सध्या मेंढरं बसलीत त्या शेतकऱ्यांनी आपल्या दवाखान्यात एक फोन करून कळपाची जागा कळवली तर हे काम एका सकाळीत होतं.

त्याच शेतकऱ्याला आणखी एक विनंती. मेंढरं आपल्या रानात बसतात ती आपल्या खतासाठी, त्याचं धान्य किंवा पैसे आपण देतो, व्यवहार सरळ आहे. पण वादळाच्या रात्री त्या माणसाला गावात कोणी ओळखत नसतं आणि समाजमंदिराची चावी कोणाकडं असते हेही त्याला माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं. संध्याकाळी ढग दिसले की रानात चक्कर मारा, निदान कोकरं, गाभण मेंढ्या आणि बायका-पोरं रात्रीपुरती गोठ्यात, शाळेच्या व्हरांड्यात येतील का ते विचारा, आणि तुमचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या.